पंगतीत शेवटी कोण बसते?



काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आपल्या भागातल्या एका लहानशा चर्चचा सण होता. जानेवारीचा महिना, उन्हात बसावेसे वाटणारी हवा. मिस्सा झाली, मिरवणूक झाली आणि आवारात जेवणाची पंगत मांडली गेली. आम्ही काही जण वाढप्यांत होतो. त्या दिवशी जवळच्या वीटभट्टीवरची पाच-सहा कातकरी कुटुंबे सणाला आली होती. त्यांच्या मुलांना शिकवायला सिस्टर दर शनिवारी भट्टीवर जात असत; त्यांनीच आग्रहाने बोलावले होते. बायकांनी धुतलेली लुगडी नेसली होती, मुलांच्या डोक्याला चापून तेल लावले होते.

पंगत बसू लागली तेव्हा आमच्यातलाच एक जण हळूच म्हणाला, "यांना आत्ता नको. आधी आपली माणसं जेवू देत. मग यांना तिकडं झाडाखाली वाढू." बोलणारा दुष्ट नव्हता, वर्षभर चर्चसाठी राबणारा माणूस होता. आम्ही ऐकले आणि गप्प राहिलो. कोणी 'हो' म्हटले नाही, कोणी 'नाही'ही म्हटले नाही. दोन पंगती उठल्या. मग आम्ही पत्रावळ्या घेऊन झाडाखाली गेलो, तर त्यांच्यातली एक म्हातारी उठून उभी राहिली. तिने नातवंडांना हाताशी धरले आणि म्हणाली, "राहू द्या दादा, आम्ही जेवून आलोय."

दुपारचे दोन वाजले होते. ती माणसे सकाळी आठपासून आमच्याबरोबर होती.

आजच्या अभ्यासलेखाचा विषय आहे आपल्या परिसरातले वेगवेगळे समाज आणि त्यांच्याविषयी आपल्या मनात बसलेले पूर्वग्रह. हा विषय आम्ही दुसऱ्यांच्या चुकांपासून सुरू करू शकलो असतो. पण ती म्हातारी डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून आपल्याच पंगतीपासून सुरुवात करीत आहोत.

१. ख्रिस्तसभेतले पहिले भांडण

बायबलमधील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा सहावा अध्याय उघडून पाहा. येरुशलेममध्ये ख्रिस्तसभा नुकतीच उभी राहत होती. सर्व जण एकत्र येत, जे असेल ते वाटून घेत. तरीही त्यांच्यात कुरकुर सुरू झाली, आणि तीही अन्नावरून. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होते आणि स्थानिक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांना बरोबर मिळते, अशी ती तक्रार होती. धर्म एक, प्रभू एक, आणि तरीही भाषेवरून ताटात फरक पडत होता.

प्रेषितांनी काय केले? 'असे काही होत नाही' असे सांगून त्यांनी तक्रार दाबली नाही. वाढणाऱ्यांना नुसता उपदेशही केला नाही. त्यांनी लोकांना सात माणसे निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप आणि इतर अशा त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. त्यांच्यातला निकलाव तर अंत्युखियाचा, बाहेरून यहुदी धर्मात आलेला होता. म्हणजे ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, त्यांच्याच माणसांच्या हातात वाटपाचे काम दिले गेले.

हे ध्यानात ठेवून आता आपल्या दोन तालुक्यांकडे पाहू.

२. आपल्या शेजारी कोण राहते?

जुन्नर आणि आंबेगाव हे तालुके पश्चिमेला सह्याद्रीच्या कड्याला टेकलेले आहेत. त्या बाजूला पाऊस फार, जमीन उताराची. भात, नाचणी आणि वरई ही तिथली पिके. जंगलातला हिरडा गोळा करून विकणे हा अनेक घरांचा आधार. तिथे महादेव कोळी, ठाकर आणि काही प्रमाणात कातकरी राहतात. पूर्वेला कुकडी आणि घोड या नद्यांचे कालवे फिरले आहेत. तिकडे ऊस, द्राक्षे आणि टोमॅटो. नारायणगाव, मंचर यांसारख्या बाजारपेठा तिकडेच आहेत. खुद्द जुन्नर शहरात जुने मुस्लिम मोहल्ले आहेत. त्यांच्यातील कागदी लोकांनी हाताने बनवलेला जुन्नरी कागद पेशवाईच्या काळात नावाजलेला होता. मराठा, माळी, धनगर, बौद्ध, मातंग, चर्मकार, जैन, मारवाडी, आणि मूठभर आपण ख्रिस्ती. शिवाय भट्ट्यांवर, मळ्यांत आणि बांधकामांवर हंगामापुरते येणारे मजूर आहेतच.

ही सरमिसळ आजकालची नाही. जुन्नरभोवती शिवनेरी, लेण्याद्री, मानमोडी आणि तुळजा या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी व खोदकामे आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंसाठी ती कोरली गेली. दान कोणी दिले ते त्यांतल्या अनेक ठिकाणी ब्राह्मी लिपीत लिहून ठेवले आहे. त्या लेखांत तीन यवनांची, म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेल्या परदेशी लोकांची, नावे आढळतात: इरिल, चंद आणि चिट. इरिलने पाण्याची दोन टाकी दिली. चिटने संघासाठी काय दिले असेल? भोजनमंडप. परक्या मुलखातून आलेल्या माणसाने जुन्नरला जेवणाची जागा बांधून दिली, आणि तिथल्या लोकांनी ती स्वीकारून त्याचे नाव दगडात कोरू दिले.

त्याच लेखांत कामकरी लोकांच्या श्रेणी, म्हणजे व्यवसायाचे संघ, येतात. धान्याचे व्यापारी आहेत, काशाची भांडी करणारे आहेत आणि बांबूकाम करणारेही आहेत. दानाची रक्कम बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे ठेव म्हणून गुंतवल्याची नोंद तिथे आहे. म्हणजे टोपल्या विणणाऱ्यांवर धर्मकार्याच्या पैशाचा भरवसा ठेवला जाई. आज सुपे-टोपल्या विकायला येणाऱ्या बुरुडाला आपण दाराच्या बाहेरच उभे करतो; तो जाईपर्यंत आपले डोळे अंगणातल्या भांड्यांवर असतात.

पुढे १४९० मध्ये मलिक अहमदने जुन्नरहूनच निजामशाहीची सुरुवात केली. सतराव्या शतकाच्या आरंभी ती निजामशाही सावरणारा वजीर मलिक अंबर हा आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी होता. त्याने काही काळ राजधानी जुन्नरला आणली होती. शहाजीराजांनी त्याच्या बरोबरीने लढाया केल्या. मलिक अंबर १६२६ मध्ये वारला, आणि १६३० मध्ये शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. लेण्याद्रीला बौद्ध लेण्यातच गिरिजात्मज गणपती आहे. या मातीत कोणी एकटा कधीच राहिला नाही.

३. नावाला डाग कसा लागतो?

मग एखाद्या समाजाचे नाव शिवीसारखे कसे होते? आपल्याच भागातले उदाहरण घेऊ.

आंबेगाव तालुक्यातील जांभोरीचा होन्या केंगले हा महादेव कोळी. त्या काळी सावकारांनी कर्जापोटी डोंगरातल्या लोकांच्या जमिनी घशात घातल्या होत्या. १८७३ पासून होन्याने सावकारांविरुद्ध बंड पुकारले. हिंसेने वागला हे खरे. सावकारांची नाके कापल्याची नोंद आहे. १८७६ मध्ये इंग्रजांनी त्याला पकडले. सरकारी कागदांत तो दरोडेखोर राहिला आणि डोंगरात मात्र क्रांतिवीर. सरकारी कागदात तो शब्द कोणी लिहिला? ज्याच्या हातात लेखणी होती त्याने. जमीन कशी गेली हे लिहायला तिथे फारशी जागा नव्हती.

हेच पुढे कायद्याने झाले. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली. या कायद्याने माणसाने काही केले नसतानाही, केवळ अमुक जमातीत जन्मला म्हणून त्याच्यावर गुन्हेगाराचा शिक्का बसे. पोलीसपाटलाकडे हजेरी लावावी लागे, परवान्याशिवाय गाव सोडता येत नसे. फासेपारध्यांसारखे समाज त्यात भरडले गेले. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. कायदा गेला, पण गावात चोरी झाली की पहिली धाड आजही पारध्यांच्या पालावर पडते. कागदावरचा शिक्का पुसता येतो. मनावरचा पुसायला पिढ्या लागतात.

कातकऱ्यांचे तसेच. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी. इंग्रजी अमलात जंगले राखीव होत गेली आणि त्यांचा हा पिढीजात धंदा सुटला. हाताला काम नाही, नावावर जमीन नाही. म्हणून उचल घेऊन वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर जाणे नशिबी आले. कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर महाराष्ट्रातील अतिमागास आदिम जमातींत त्यांची गणना होते. आपण मात्र म्हणतो, "ही माणसं एका जागी टिकत नाहीत, मुलांना शाळेत घालत नाहीत." दिवाळीनंतर भट्टीवर जायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे, अशा घरातल्या मुलाने कोणत्या शाळेत बसायचे?

नारायणगावची गोष्ट आणखी वेगळी. तिला तमाशाची पंढरी म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे यात्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात. मातंग समाजातील विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवण्यात आले. २००२ मध्ये त्या वारल्या. आज राज्य सरकारचा तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. पण तमाशातल्या बाईला रात्री दौलतजादा देणारा गाव दिवसा तिला खोली भाड्याने देताना मागेपुढे पाहतो. तिच्या मुलाला शाळेत बापाचे नाव विचारताना हसतो. टाळ्या वाजवणे आणि मान देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

४. न दिसणारी माणसे

पूर्वग्रह नेहमी शिवीच देतो असे नाही. कधी कधी तो फक्त पाहायचे टाळतो.

आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे, ते आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणात बुडाले. धरणाचे पाणी कालव्याने पूर्वेकडच्या शेतांना गेले. ज्यांची जमीन पाण्याखाली गेली त्या आदिवासी कुटुंबांतली कित्येक धरणाच्या काठावरच वर सरकून राहिली. पाणी ओसरले की उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीत पीक घेत, जलाशयात मासेमारी करीत त्यांनी दिवस काढले. आपल्या ताटातल्या भाजीत त्यांच्या बुडालेल्या शेताचा वाटा आहे, हे किती जणांना ठाऊक असते?

३० जुलै २०१४ च्या सकाळी याच तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेच्या वर माणसे गेली. गाव गाडले गेल्याचे बाहेरच्या जगाला पहिल्यांदा कळले ते त्या मार्गावरच्या एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या ठिकाणी गाव दिसेना, म्हणून त्याने खबर दिली. त्या चालकाला गाव रोज दिसत होते, म्हणून ते नाहीसे झालेले त्याला दिसले. आपल्या वाटेवरची कोणती वस्ती उद्या नाहीशी झाली तर आपल्या लक्षात येईल, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

५. आपण दोन्ही बाजूंना आहोत

आपण ख्रिस्ती या भागात अगदी थोडे. त्यामुळे पूर्वग्रहाची दुसरी बाजूही आपल्याला माहीत आहे. आजारी माणसाला भेटायला वाडीवर गेलो तरी "बाटवायला आले" असे कोणी म्हणते. "तुमचे सण परदेशी" असे ऐकवले जाते. 'गव्हाचे ख्रिस्ती' म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांना हिणवले गेले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना दिला; १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. दलित ख्रिस्ती आणि दलित मुस्लिम त्या वेळी बाहेरच राहिले. धर्म बदलला म्हणून शेजाऱ्याने पाळलेली शिवाशिव काही बदलली नव्हती.

हे दुःख खरे आहे आणि ते सांगायला आपण लाजू नये. पण ज्याला चटका बसला आहे त्यानेच दुसऱ्याला डागावे, याला काय म्हणावे? भारतीय कॅथोलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलितांच्या सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले. आपल्या ख्रिस्तसभेतही जातिभेद पाळला जातो, हे त्यात उघडपणे मान्य केले आहे. त्याआधी २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 'नोस्त्रा एताते' हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, आणि वंश, वर्ण, परिस्थिती किंवा धर्म यांवरून होणारा भेदभाव ख्रिस्ताच्या मनाविरुद्ध आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

प्रभू येशूलाही हे चुकले नाही. तो नाझरेथचा आहे हे ऐकताच नथनेलाने विचारले होते की त्या गावातून काही चांगले येऊ शकते का. पेत्राला तर अंगणात शेकोटीजवळ त्याच्या गालीली बोलीवरून ओळखले आणि घेरले. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात एखादे ठाकराचे पोर त्याच्या बोलीत उत्तर देते आणि इतर मुले खिदळतात, तेव्हा ती मुले पेत्रालाच हसत असतात. नथनेलाची एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. "येऊन पाहा" असे फिलिपने म्हणताच तो उठून गेला. पूर्वग्रह असणे हा मनुष्यस्वभाव असेल. पण उठून पाहायला न जाणे ही आपली निवड असते.

६. पळी कोणाच्या हातात?

त्या सणानंतर आमच्यापैकी काही जण सिस्टरांबरोबर भट्टीवर जाऊ लागलो. सुरुवातीला कोणी बोलेना. मग हळूहळू नावे कळली, कोणाचे मूळ गाव कोणते हे कळले, उचल किती आणि फिटते किती हे कळले. कोणत्या मुलाला पाढे येतात आणि कोणाला नाचता येते तेही कळले. 'कातकरी' हा एक शब्द होता, त्याची पंचवीस-तीस माणसे झाली.

पुढच्या सणाच्या तयारीच्या बैठकीत, ज्याने झाडाखालची सूचना केली होती तोच माणूस उठून म्हणाला, "या वर्षी वाढायला भट्टीवरच्या बायांना बोलवू. आणि पंगत एकच." त्याला हे सांगायला किती जड गेले असेल ते आम्ही समजू शकतो, आम्हाला तर आधीच्या वर्षी 'नाही' एवढा एक शब्दही जड गेला होता. सणाच्या दिवशी तीन बाया पळ्या घेऊन पंगतीत फिरल्या. दोन घरची माणसे न जेवता निघून गेली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. बाकीचे जेवले.

ती म्हातारी मात्र त्यांच्यात नव्हती. भट्टीवरची टोळी दर वर्षी बदलते. तिचे कुटुंब त्या वर्षी दुसऱ्या कुठल्या भट्टीवर गेले होते. कुठे, ते कोणालाच सांगता आले नाही. तिची माफी मागायची राहिली ती राहिलीच. म्हणून हा लेख.

कुटुंबात आणि लघुसमूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरात कोणत्या समाजाचे नाव शिवी म्हणून किंवा चेष्टेने घेतले जाते? मुले ते कोणाकडून शिकली?

२. आपल्या शेतात, घरात किंवा बांधकामावर येणाऱ्या मजुरांपैकी किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत? त्यांच्यासाठी वेगळा पेला आहे का?

३. आपण ख्रिस्ती म्हणून सोसलेला एखादा अपमान आठवा. तसाच अपमान आपल्याकडून कोणाचा झाला आहे का?

४. आपल्या चर्चच्या समितीत, गायनवृंदात, वाचकांत आणि वाढप्यांत कोण नाही? त्यांना बोलावण्याचे काम या महिन्यात कोण करील?

या आठवड्यासाठी एक लहानसा संकल्प करू. एखाद्या समाजाविषयी कोणी 'ते लोक असलेच' असे म्हटले, तर भांडू नये. पण गप्पही राहू नये. शांतपणे एवढेच विचारावे, "त्यांच्यातलं कोण? तुम्ही त्यांना ओळखता का?" आणि हा प्रश्न आधी स्वतःला विचारावा.